आगबोटीने आलेली पाहुणी

नरडाण्याहून मुलीस एकटी धुळ्यास पाठविणे आपणांस जड जाते. आनंदीबाई जोशी १८ वर्षांच्या असता, पती मागे ठेवून, कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या व ता. ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरी उतरल्या. वैद्यक शिकावयाचे होते. त्यांस उतरून घ्यावयास कार्पेंटरबाई आल्या.

ही ओळख कशी झाली? गोपाळरावांनी वाइल्डर नामक मिशनरी साहेबांकडे साह्य मागितले होते. साहेबांनी, ख्रिस्ती व्हा, असे सुचवून तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापिला. तो वाचून कार्पेंटरबाईंनी, कोणतीही अट न घालिता, पत्र लिहिले. (प्रचारकांनी उत्पत्तीचा १८ वा अध्याय काढावा: अब्राहामाने त्या तिघांस पाणी देण्यापूर्वी काय विचारिले?)

आनंदीबाई हिंदूच राहिल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. ती त्यांच्या कुटुंबाच्या कबरस्थानात पुरली आहे.