एक क्लास, चौदा टेक्स्टबॉक्स

मी कॉन्व्हेंटमधली, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. नाहीतरी लेख चुकांवरच आहे.

गेल्या सेमला होस्टेलच्या मेसबिलासाठी मी सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून प्रोग्राम केला. फॉर्मवर १४ टेक्स्टबॉक्स, सगळ्यांत फक्त आकडे. एकाच्या कीप्रेस इव्हेंटमध्ये कोड लिहिला आणि बाकीच्यांत कॉपी-पेस्ट केला. एक राहिला. डेमोला नेमका त्यातच शून्याऐवजी 'ओ' पडला आणि प्रोग्राम बंद!

यावर उपाय म्हणजे स्वतःचा कंट्रोल क्लास.

१) टेक्स्टबॉक्स इनहेरिट करून नवा क्लास लिहा. कर्सर, सिलेक्शन सगळं वडिलोपार्जित, फुकट.

२) ऑनकीप्रेस मेथड ओव्हरराइड करा. आकडा नसेल तर हँडल्ड ट्रू करा, म्हणजे अक्षर उमटत नाही. कंट्रोल कॅरॅक्टर मात्र सोडा, नाहीतर बॅकस्पेस चालत नाही. (मी अर्धा तास कीबोर्डला शिव्या दिल्या.)

३) बेस क्लासची ऑनकीप्रेस बोलवा. विसरलात तर फॉर्मवर जोडलेला कीप्रेस कोड चालतच नाही.

बिल्ड केलं की कंट्रोल टूलबॉक्समध्ये येतो, माउसने ओढून ठेवायचा. उजव्या क्लिकने पेस्ट केल्यास कीप्रेस होत नाही, म्हणून ऑनव्हॅलिडेटिंगमध्येही तपासा. अनेक कंट्रोल एकत्र हवे असतील तर युजरकंट्रोल घ्या. सगळं चित्रच वेगळं हवं असेल तर कंट्रोल क्लासपासून सुरुवात करून ऑनपेंट लिहा.

मला वाटलं, झालं! पण मेसच्या काकांनी नोंदी भरल्या आणि प्रोग्राम पुन्हा पडला. त्यांची सकाळभराची मेहनत गेली. काका मराठी कीबोर्डवर टाइप करत होते. इझडिजिट हे फंक्शन '५' लाही आकडाच मानतं, पण पार्स करताना फक्त इंग्रजी आकडे चालतात. कॉन्व्हेंटवालीच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"पोरी, आकडे तर बरोबर होते ना?" काका म्हणाले. बरोबरच होते. मग मी मराठी आकडा आला की कीचारमध्ये त्याच किमतीचा इंग्रजी आकडा ठेवला. बदल एकाच क्लासमध्ये, आणि चौदाही बॉक्स सुधारले. त्या रात्री काकांच्या शेजारी बसून सगळ्या नोंदी मीच परत भरल्या, मराठी आकड्यांत.