फोटो तुझा, चेहरा तिचा

सई, कॅमेरा घेतलास, बरं केलंस. लेन्सबद्दल मी काही बोलणार नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फलटणला इतकी वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातून सांगण्यासारखं उरलं ते माणसांबद्दलचं. आषाढात तू वारीला निघालीस, ऑक्टोबरात हॅम्बुर्गला. त्याआधी हे वाचून ठेव.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. १९८२ साली स्थळांना द्यायला फोटो हवा म्हणून एक मुलगी आली होती. मागे निळा पडदा, हात प्लॅस्टिकच्या गुलाबांच्या फुलदाणीवर, नेहमीचीच पोज. पण फोटो असा उतरला की मी मोठी प्रिंट काढली, हाताने रंगवली आणि बाहेर शोकेसमध्ये लावली. आठवड्याने तिचा भाऊ आला. भांडला नाही. काचेपुढे उभा राहून एवढंच म्हणाला, “फोटो चार घरांत दाखवायला काढला होता. आता एस्टीतून उतरणारा प्रत्येक जण बघून जातोय.” मी तोऱ्यात म्हटलं, “काढलाय मी, माझाच आहे तो.” माणूस म्हणून तर चुकलोच, कायद्यानेही चुकलो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो. तुझं तसं नाही. वाटेत तू स्वतःहून काढलेला फोटो तुझाच. पण त्यातला चेहरा तिचा, हे विसरू नकोस.

म्हणून फोटो काढणं आणि तो वापरणं, या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेव. आपल्याकडे रस्त्यात माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. दिंडीचा, बाजाराचा, रिंगणाचा फोटो बिनधास्त काढ. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. त्यामुळे रस्त्यावर दिसला म्हणून माणूस वाटेल तसा वापरायला मोकळा झाला, असं समजू नकोस. आणि तोच वारकरी उद्या तेलाच्या बाटलीवर किंवा टूर कंपनीच्या फलकावर झळकणार असेल, तर त्याची लेखी संमती हवीच. कागद साधा असू दे, त्याला वाचता येईल अशा मराठीत: नाव, तारीख, ठिकाण, फोटो कशासाठी वापरणार, खाली सही. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखव आणि मगच अंगठा घे. मूल असेल तर आईवडिलांची सही. बालगृहातल्या पोराचा चेहरा तर कुठेच टाकायचा नाही, त्याला बाल न्याय कायद्याची आडकाठी आहे.

वारीत एक जागा मात्र वर्ज्य. पहाटे टँकरपाशी, नदीकाठी, साडीचा आडोसा करून बायका आंघोळी उरकतात. उजेड सुंदर असतो, मला माहीत आहे. तरी कॅमेरा पिशवीतच राहू दे. आडोशाआडच्या बाईचं असं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. आणि कलम नसतं तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

गेल्या वर्षी अंदमानात आपण सगळे सेल्युलर जेल बघून बाराटांगला निघालो, तेव्हाचं आठवतं? जिरकाटांगच्या नाक्यावर ड्रायव्हरने सगळ्यांचे मोबाइल खाली ठेवायला लावले होते. त्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर तिथल्या जारवा आदिवासींचा फोटो काढणं गुन्हा आहे. पर्यटकांपुढे जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ २०१२ साली जगभर गेला आणि केवढा गहजब झाला! आपल्याच गाडीतल्या एका काकांनी तरी मोबाइल हळूच काचेला लावलाच. वरून म्हणतात कसे, “कोण बघतंय!” मी तेव्हा गप्प बसलो. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

आता जर्मनी. तिथल्या कायद्याची गोष्ट आमच्या धंद्यातली आहे, म्हणून मला फार आवडते. ३० जुलै १८९८ला बिस्मार्क वारला, हॅम्बुर्गजवळ फ्रीड्रिक्सरूला. त्याच रात्री दोन फोटोग्राफर घरात शिरले आणि मॅग्नेशियम पेटवून त्यांनी गादीवरच्या प्रेताचा फोटो काढला. घरच्यांनी कोर्ट गाठलं. पण स्वतःच्या चित्रावर माणसाचा हक्क असतो, असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. परवानगीशिवाय घरात घुसले, या मुद्द्यावर निकाल लागला. मग १९०७ साली कायदा झाला आणि तो अजून चालू आहे: संमतीशिवाय माणसाचं चित्र प्रसिद्ध करायचं नाही, चारचौघांत मांडायचं नाही. मेल्यावरही दहा वर्षं घरच्यांना विचारायचं. सूट आहे ती मिरवणुकीला, सभेला, आणि देखाव्यात माणूस नुसता कडेला आला असेल तर. म्हणजे पुलाच्या फोटोत सायकलवाला आला तर चालेल, सायकलवाल्याच्या फोटोत मागे पूल असेल तर त्याला विचार. गंमत म्हणजे, फोटोसाठी पैसे घेतले की संमती दिली असं तिथे धरतात. आपल्याकडे दहाची नोट घेणाऱ्या म्हातारीच्या मनात तसलं काही नसतं.

सुट्टीत कॅनडात क्यूबेकला, मावशीकडे जाशील. तिथे पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता मासिकात छापला, तर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. आणि दुबईला विमान बदलताना तर अजिबात हौस करू नकोस. तिथे दुसऱ्याच्या खासगीपणात शिरणारा फोटो म्हणजे किमान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, नाहीतर दोन्ही.

विचारायचं कसं, ते सोपं आहे. आधी कॅमेरा खाली, मग नमस्कार, मग “एक काढू का?” जुने लोक म्हणतील, विचारलं की चेहरा आखडतो. आखडतोच. पहिले दोन-तीन फोटो वाया जाऊ देत, चौथ्यापर्यंत माणूस तुला विसरून पुन्हा कामाला लागतो. समोरची नको म्हणाली तर हसून पुढे जा. आधीच काढला असेल तर तिच्यासमोर पुसून टाक, स्क्रीन तिला दाखवून.

फोटो पाठवते म्हणालीस तर पाठव. वहीत नाव, गाव, पोस्ट, तालुका घे, आणि पिनकोड विसरू नकोस. १९९४ साली मी तो घेतला नव्हता. वाल्ह्याच्या मुक्कामात काढलेल्या एका माउलीच्या तीन प्रिंटांचं पाकीट परत आलं, ते अजून माझ्या डाव्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.