कळसाकडून पायथ्याकडे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद हे गाव डोंगरमाथ्यावर वसले आहे. गावातून घाट उतरून खाली गेले, की थोड्याच अंतरावर वेरूळची लेणी लागतात. त्यांतील सोळाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, हे मंदिर अखंड कातळातून कोरण्यात आले. त्याची उंची सुमारे ३० मीटर आहे. इतर मंदिरे पायापासून बांधीत वर नेतात; येथील कारागिरांनी मात्र डोंगराच्या माथ्यावर प्रथम छिन्नी लावली आणि शिखर कोरून झाल्यावर ते हळूहळू खाली उतरले. एकदा फोडलेला दगड पुन्हा चिकटविता येत नाही. म्हणून कळस कोरीत असतानाच खालच्या हत्तींना किती जागा सोडावयाची, याचा हिशेब त्यांना मनाशी पक्का करावा लागला असला पाहिजे.

या लेण्याला एका पर्वताचे नाव मिळाले आहे; हिमालयात एखादे शिखर चढावयाचे झाले, तर त्याची योजनाही अशीच माथ्याकडून खाली आखावी लागते. माथ्यावर कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला पोहोचावयाचे, हे आधी ठरते. मग तेथून मागे मागे येत आदल्या दिवसाचा मुक्काम, त्याच्या आदला मुक्काम, आणि अखेरीस घरून निघण्याचा दिवस ठरतो.

खुलताबादेतील चार-सहा तरुणांनी असे एखादे शिखर चढण्याचा बेत केला आहे, असे समजू. एव्हरेस्टसारखी अजस्र शिखरे सोडून त्यांनी नेपाळमधील मेरा हे शिखर निवडले. ते ६,४७६ मीटर उंच असून हिंकू नावाच्या एकाकी खोऱ्याच्या वर उभे आहे. २० मे १९५३ रोजी जिमी रॉबर्ट्स आणि सेन तेनसिंग हे दोघे मेराच्या मधल्या माथ्यावर पोहोचले. एव्हरेस्टवर तेनसिंग नोर्गे व हिलरी यांनी पाऊल ठेवण्यास तेव्हा अवघे नऊ दिवस उरले होते. रॉबर्ट्स हे त्याच एव्हरेस्ट मोहिमेसाठी प्राणवायूची नळकांडी पोहोचवावयास आले होते आणि ते काम आटोपून या खोऱ्याकडे वळले होते. पुढे १९६४ मध्ये त्यांनीच काठमांडूत हौशी प्रवाशांना वाटाड्यांसह पहाडात नेणारी संस्था सुरू केली. १९७८ मध्ये नेपाळने अठरा शिखरे अशा हौशी गिर्यारोहकांसाठी खुली केली. त्यांना ‘ट्रेकिंग पीक’ म्हणतात. या नावाने पुष्कळांची फसगत होते. मेराच्या वाटेवर सरळ उभे कडे फारसे नाहीत, हे खरे. परंतु तेथे हिमनदी आहे, बर्फाखाली झाकलेल्या भेगा आहेत आणि हवा विरळ आहे. पायी फिरण्याची सवय असलेला माणूस केवळ त्या सवयीच्या जोरावर तेथे जाऊ लागला, तर तो संकट ओढवून घेईल.

आता योजना वरून खाली आखू. माथा गाठावयाचा तो सकाळी. दिवस चढू लागला, की वारा उठतो, ढग भरून येतात, आणि भेगांवर जमलेले बर्फाचे पूल उन्हाने मऊ होतात. म्हणून वरच्या छावणीतून मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास निघावे लागते. ही छावणी सुमारे ५,८०० मीटरांवर, एका खडकाच्या आडोशाला असते. तिच्या खाली मेरा-ला ही खिंड, खिंडीच्या खाली सुमारे ५,००० मीटरांवर खारे, त्याखाली सुमारे ४,३५० मीटरांवर थांगनाग आणि त्याहून खाली सुमारे ३,६०० मीटरांवर नदीकाठचे कोठे. ‘कोठे’ आणि ‘खारे’ ही गावांची नावे ऐकून मराठी माणसाला हसू येईल. पण योजनेतील सर्वांत महत्त्वाचे मुक्काम हेच. पायथ्याशी लुक्ला हे गाव आहे. तेथील धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांबीची व चांगलीच उतरती असून तिच्या एका टोकाला डोंगर तर दुसऱ्या टोकाला दरी आहे. ढग आले, की विमाने बंद होतात, आणि कधीकधी दोन-दोन, तीन-तीन दिवस उडत नाहीत.

लुक्ल्याहून कोठ्याला जाण्यास दोन वाटा आहेत. जवळची वाट झत्र-ला या खिंडीवरून जाते. तिने तीन-चार दिवसांत कोठे गाठता येते. दुसरी वाट दक्षिणेकडून, पाय्या, पांगोम या गावांवरून व दाट जंगलातून वळसा घालून जाते. तिला दोन दिवस अधिक लागतात. नकाशा पाहून कोणीही जवळची वाट निवडील. परंतु झत्र-ला ४,६०० मीटरांहून उंच आहे. २,८६० मीटरांवरील लुक्ल्यात नुकत्याच उतरलेल्या माणसाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एवढ्या उंचीवर चढणे धोक्याचे असते. म्हणून जाताना लांबची वाट धरावी आणि परतताना, शरीर उंचीला सरावल्यावर, खिंडीची वाट धरावी, हे शहाणपणाचे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठी जेवढे असते, तेवढेच, म्हणजे शेकडा २१, मेराच्या माथ्यावरही असते. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा प्राणवायूही निम्माच असतो. शरीर ही तूट हळूहळू भरून काढते: श्वास जलद होतो, रक्ताची घडण बदलते. या कामाला दिवस लागतात; ते कोणालाही घाईने उरकता येत नाही. बलदंड पहिलवानालाही या बाबतीत सवलत मिळत नाही. उलट अंगातील रगेमुळे तो भरभर चढतो आणि आधी आजारी पडतो. डोके दुखणे, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. त्यांकडे दुर्लक्ष करून वर जात राहिले, तर मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी साठते, आणि माणूस एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ज्याला सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावून चालता येत नाही, त्याला त्याच रात्री खाली उतरविले पाहिजे. सकाळ होण्याची वाट पाहत बसू नये.

तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक उंचावू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. परंतु हिंकू खोऱ्यातील वस्त्या काही या हिशेबाने वसलेल्या नाहीत. कोठ्याहून थांगनाग सातशे मीटरांहून अधिक उंच आहे आणि थांगनागहून खारेही जवळजवळ तेवढेच. तेव्हा थांगनागला एक आणि खाऱ्याला एक असे दोन दिवस जास्तीचे काढावेच लागतात. वरवर पाहता हे दिवस वाया गेल्यासारखे दिसतात. सहल आयोजित करणारी एखादी संस्था दोन दिवस कमी करून स्वस्त दर सांगते, तेव्हा ती बहुधा याच दोन दिवसांवर कात्री चालविते. दरपत्रकात किंमत पाहण्याआधी दिवस मोजावेत ते यासाठी.

खाऱ्याचा जास्तीचा दिवस नुसता पडून राहण्याचा नसतो. जवळच्या बर्फावर जाऊन बुटांना लोखंडी काट्यांचे क्रॅम्पॉन बांधून चालावयाचे, हिमकुऱ्हाड रोवून घसरण थांबवावयाची, कमरेच्या पट्ट्याला दोर अडकवून चढावयाचे, याचा सराव तेथे होतो. चार-पाच जण एकाच दोराने बांधलेले असतात. एखादा झाकलेल्या भेगेत पडला, तर बाकीचे त्याला धरून ठेवतात. म्हणून दोर ढिला पडू द्यावयाचा नाही आणि पुढच्याच्या अगदी जवळही जावयाचे नाही.

स्वयंपाकाचाही विचार आधी करावा लागतो. हवेचा दाब कमी झाला, की पाणी लवकर उकळते. पाच हजार मीटरांवर ते ८३ अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ कितीही वेळ रटरटली, तरी शिजत नाही. प्रेशर कुकर लागतो. थंडीचा हिशेबही घरबसल्या करता येतो. एक हजार मीटर वर गेले, की तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. खुलताबादजवळचे म्हैसमाळ सुमारे हजार मीटर उंच आहे. त्याच्या मानाने मेराचा माथा सुमारे ३५ अंशांनी थंड असणार. वाऱ्याचा बोचरेपणा तो निराळाच.

या तरुणांची तयारी मात्र घरच्या घरी होऊ शकते. म्हैसमाळवर उंचीची सवय होणार नाही. परंतु खुलताबादहून तेथवरची सुमारे बारा किलोमीटरांची वाट पाठीवर ओझे घेऊन आठवड्यातून दोनदा तुडविली, की पाय आणि छाती तयार होतात. उतारावर गुडघ्यांची परीक्षा होते, म्हणून वेरूळचा घाट उतरून पुन्हा चढावा. श्रावणातील शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून भद्रा मारुतीच्या दर्शनाला हजारो माणसे रात्रीची पायी खुलताबादला येतात. त्यांत लहानथोर सारे असतात. झोप सोडून, अंधारात, एका लयीत चालत राहणे या भागातील माणसाला नवे नाही, आणि माथ्याच्या दिवशी नेमके तेच करावयाचे असते.

आता सोबत्यांविषयी. वाटाड्या निवडताना त्याने किती शिखरे चढली, हे विचारण्यापूर्वी तो किती जणांना घेऊन मागे वळला आहे, हे विचारावे. त्याच्यापाशी परवाना आहे काय, एका वाटाड्यामागे किती गिर्यारोहक असतील, उंचीच्या आजारावर औषधे आहेत काय, हेही विचारावे. ओझी वाहणाऱ्या भारवाहकांची चौकशी करण्यास पुष्कळ जण विसरतात. त्यांना उबदार कपडे व बूट मिळतात काय, त्यांचा विमा उतरविला आहे काय, ते आजारी पडले तर त्यांना एकटेच खाली धाडण्यात येते की सोबत देतात, या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या संस्थेबरोबर जाऊ नये. स्वतःच्या विम्याचा कागदही नीट वाचावा. कित्येक विमे ठरावीक उंचीच्या वर लागू होत नाहीत. नेपाळात जावयास भारतीयांना व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ हवे.

मेरासाठी हंगाम दोन: पावसाळ्यापूर्वी एप्रिल-मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. हंगाम उत्तम असला, तरी हवामान वचन देत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या हुदहुद या चक्रीवादळाने विशाखापट्टणम गाठले, आणि दोनच दिवसांनी नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात प्रचंड हिमवर्षाव झाला. त्यात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून माथ्याच्या दिवसानंतर एक दिवस मोकळा ठेवतात. आज वादळ असले, तर उद्या जाता यावे.

तरीही योजना फसते. त्या वेळच्या औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलातील शिपाई रफिक शेख यांनी २०१४ मध्ये एव्हरेस्टसाठी प्रस्थान ठेवले. त्या वर्षी १८ एप्रिल रोजी हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले आणि नेपाळच्या बाजूची चढाई थांबली. २०१५ मध्ये ते पुन्हा गेले, तर २५ एप्रिलचा भूकंप झाला. मे २०१६ मध्ये, तिसऱ्या खेपेस, ते माथ्यावर पोहोचले. याच शहरातील मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याच्या जवळ गेल्या होत्या. अवघे १७० मीटर उरले असताना हवामान बिघडले आणि त्या मागे फिरल्या. वर्षभराने, मे २०१८ मध्ये, त्यांनी शिखर गाठले.

१७० मीटर म्हणजे किती? खुलताबादेत एवढे अंतर माणूस दोन मिनिटांत चालून जाईल. तितक्या उंचीवरची तेवढी चढण मात्र काही तासांची असते, आणि तितकाच जीव उतरण्यासाठीही राखून ठेवावा लागतो. डोळ्यांसमोर माथा दिसत असताना हा हिशेब सुचत नाही. विरळ हवेत बुद्धीही मंदावते. म्हणून परत फिरण्याची वेळ खाऱ्यालाच, डोके शाबूत असताना ठरवितात. समजा, सकाळचे दहा ही वेळ ठरली. दहा वाजता माथा दगडफेकीच्या अंतरावर असला, तरी वाटाड्या म्हणेल तेव्हा वळावयाचे. त्याचा शब्द अखेरचा, हे सर्वांनी आधीच मान्य करावे. त्याच्याशी वाद घालावयाचा असेल, तर तो खाऱ्याच्या चुलीपाशी घालावा.

माथा गाठला, तर तेथे थांबावयाचे ते अर्धा तास. समोर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि दूरवर कांचनगंगा दिसते. मग उतरणे सुरू. त्याच दिवशी खाऱ्यापर्यंत यावयाचे असते. पाय थकलेले असतात, ऊन वाढलेले असते, आणि दोर तसाच ताणून धरावा लागतो. दुसऱ्या दिवशी कोठे, मग झत्र-ला ओलांडून लुक्ला. तेथे भारवाहकांची मजुरी चुकती करावी, त्यांनी वाहिलेल्या सामानाची मोजदाद करावी आणि आकाशाकडे पाहत विमानाची वाट पाहावी. या वाट पाहण्यासाठी म्हणून दोन दिवस खुलताबादेत योजना आखतानाच राखलेले असतात.