ओढ्याच्या पाण्याची परीक्षा

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असते, अशी मुलांची समजूत असते. ती दूर करण्यास पुढील हकीकत उपयोगी पडेल.

दक्षिण इंग्लंडात केनेट नावाची नदी आहे. तिच्या काठचे काही स्वयंसेवक महिन्यातून एकदा नदीत उतरतात. तीन मिनिटे तळाचे खडे पायाने ढवळावयाचे, प्रवाहाच्या खालच्या अंगास जाळी धरावयाची आणि जाळीत आलेले जीव पांढऱ्या तबकात ओतून मोजावयाचे, एवढाच त्यांचा विधी. मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिस या कीटकांची पिले आणि झिंग्यासारखा दिसणारा गॅमरस यांचे आठ गट केलेले आहेत. प्रत्येक ठिकाणासाठी एक किमान आकडा ठरलेला असतो. मोजणी त्याखाली गेली की सरकारी पर्यावरण खात्यास तत्काळ कळवावयाचे.

जुलै २०१३ च्या आरंभी मार्लबरो गावाच्या खालच्या बाजूस त्यांनी नेहमीप्रमाणे जाळी उचलली, तो तबक जवळजवळ रिकामे! सुमारे १५ किलोमीटर पट्ट्यातील कीटक व गॅमरस मरून गेले होते. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाण्यावाटे नदीत आल्याचे तपासात आढळले. ते अवघे दोन चमचे असावे, असा अंदाज करण्यात आला. आपल्याकडील शेतकऱ्यांस हे वाळवीवरील औषध म्हणून सुपरिचित आहे.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. तबक रिकामे आहे हे कोणीही सांगेल; ते रिकामे असावयास नको होते, हे सांगण्यास मागील महिन्यांच्या नोंदी लागतात. विष वाहून जाते, आणि नंतर बाटलीत भरलेल्या पाण्यात ते सापडेलच असे नाही. तळचे जीव मात्र झालेल्या घटनेची साक्ष देतात.

आपल्या ओढ्यावर हा प्रयोग करताना इंग्लंडातील आकडे घेऊ नयेत. आपले बहुतेक ओढे उन्हाळ्यापूर्वीच आटू लागतात. त्यामुळेही जीवांची संख्या बदलते. दर वेळी दूषणच कारण असते असे नव्हे. म्हणून दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर प्रारंभ करावा, जागा एकच ठेवावी, आणि संख्येबरोबर पाण्याची खोली व जवळच्या शेतांतील फवारणीही लिहावी. पिठाची जुनी चाळण व पांढरी थाळी एवढे साहित्य पुरते. शास्त्रीय नावे न आली तरी अडत नाही. ‘शेपटीस तीन धागे असलेला’, ‘खड्यांच्या नळीत राहणारा’ असे वर्णन पुरे.

पाण्यात प्रथम शिक्षकांनी उतरावे; गुडघ्याहून खोल पाण्यात कोणासही जाऊ देऊ नये. मोजलेले जीव त्याच ठिकाणी सोडावे, मुलांनी साबणाने हात धुवावे, आणि नोंदवही शाळेतच ठेवावी. पुढील वर्षाच्या वर्गास ती लागेल.