हार्वेस्टरला आग लागते कशी आणि टाळायची कशी?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर बऱ्याच जणांच्या घरी शेती आहे. मार्चमध्ये गव्हाच्या काढणीला पंजाबकडचे हार्वेस्टर गावोगाव फिरतात, हे तुम्ही पाहिलेलंच असेल. तीन वर्षांपूर्वी आमच्या काकांच्या शेतात असंच एक मशीन भर दुपारी पेटलं. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला. पण मशीन गेलं आणि शेजाऱ्यासकट तीन एकर उभा गहू गेला. काका म्हणाले, "नशीब आपलं!" मी तेव्हा फर्स्ट इयरला होतो. पुढे थर्मल शिकल्यावर कळलं, की यात नशीब थोडं आणि उष्णता जास्त होती.

आगीला तीन गोष्टी लागतात : इंधन, प्राणवायू आणि उष्णता. शेतातली हवा काही आपण थांबवू शकत नाही. म्हणजे हातात उरतात दोनच.

इंधन : कोरडा भुसा आणि धूळ. बारीक असल्याने पृष्ठफळ मोठं, त्यामुळे लवकर पेट घेतो. त्यात डिझेल किंवा हायड्रॉलिक तेल गळत असेल तर तो भुसा म्हणजे तयार काकडाच!

उष्णता कुठून येते?

१) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो : पूर्ण लोडवर यांचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. भुसा साधारण याच्या निम्म्या तापमानालाच धुमसू लागतो.

२) बेल्ट : समजा, एक बेल्ट १० किलोवॅट शक्ती वाहून नेतो आणि ५ टक्के घसरतो. १० किलोवॅटचे ५ टक्के म्हणजे ५०० वॅट, ही सगळी उष्णता त्या पुलीपाशी. रेक्टर सरांची नजर चुकवून आपण जी हजार वॅटची कॉइल लावतो, तिच्या निम्मी!

३) बेअरिंग : ग्रीस संपलं किंवा आत धूळ गेली की घर्षण वाढतं. आधी आवाज येतो, मग वास, मग ठिणगी.

४) वायरिंग : ढिल्या जोडाचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह २० अँपिअर धरा. I²R काढा, ४० वॅट येतात. म्हणजे भुशात ठेवलेलं सोल्डरिंग आयर्न! फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधली असेल, तर शॉर्ट झाल्यावर प्रवाह तोडणारं कुणीच उरत नाही.

आणखी एक. मशीन बंद केलं की धोका संपला, असं नाही. पंखा थांबतो, पण गरम धातू गरमच राहतो. चहाला बसल्यावर मागे धूर दिसतो तो यामुळेच.

काय करावे?

- सकाळी मशीन थंड असताना आणि दुपारी एकदा थांबवून इंजिन, टर्बो, बॅटरी व बेअरिंगजवळचा भुसा ब्लोअरने किंवा झाडूने काढावा. दहा मिनिटं लागतात.
- गळती दिसली की त्याच दिवशी बंद करावी. "सीझन झाल्यावर बघू" म्हणू नये.
- वर्कशॉपमध्ये असतो तसला इन्फ्रारेड थर्मामीटर असल्यास डाव्या-उजव्या बेअरिंगचं तापमान ताडून पाहावं. एक जास्त गरम, तर तेच बिघडतंय.
- रात्री बॅटरीची जोडणी तोडावी.
- ए.बी.सी. पावडरचे दोन अग्निशामक ठेवावेत. एक केबिनमध्ये, दुसरा जमिनीवरून हात पोचेल असा.
- काढणी चालू असताना नांगर लावलेला ट्रॅक्टर बांधावर तयार ठेवावा. पीक पेटलंच तर पुढे नांगराचा पट्टा मारून आग अडवता येते.

आग लागलीच तर : मशीन उभ्या पिकातून बाहेर काढणं जमत असेल तरच काढा, इंजिन बंद करा, उतरा, १०१ किंवा ११२ ला फोन लावा. अग्निशामकाची पिन काढून फवारा ज्वाळेवर नव्हे, तिच्या बुडाशी मारा. सहा किलोचा सिलिंडर जेमतेम वीस सेकंद चालतो. तेवढ्यात विझली नाही तर मागे फिरा. मशीन पुन्हा घेता येतं.

काकांच्या शेतात त्या दिवशी अग्निशामक नव्हता. ट्रॅक्टर होता, पण गावात, नांगर सोडून ठेवलेला. मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात आणि बांधावर हार्वेस्टर आला, तर ड्रायव्हरला चहा द्या आणि तेवढ्या वेळात एक झाडूही हातात घ्या.