‘मा’: एक अक्षर, अनेक भाषा

सोलापुरांत तेलुगु बोलणाऱ्या विणकरांचीं पुष्कळ घरें आहेत. अशा एका घरीं आम्ही बसलों असतां यजमान दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “मा अन्न.” आमच्यासोबत संस्कृत शिकलेले एक गुरुजी होते. ते हळूच आमच्या कानाशीं लागून म्हणाले, “अन्न घेऊं नका, असें हे सुचवीत आहेत काय? आपण उठावें हें बरें.” तितक्यांत यजमानांचे वडील बंधु आंत आले. तेलुगूंत ‘अन्न’ म्हणजे वडील भाऊ व ‘मा’ म्हणजे आमचा! गुरुजी त्या दिवशीं पोटभर जेवले, हें सांगावयास नकोच.

ह्या तेलुगु ‘मा’ची एक खुबी आहे. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याला वगळून ‘आमचा’ म्हणावयाचें असेल तरच ‘मा’. त्याला धरून ‘आपला’ म्हणावयाचें तर ‘मन’. मराठींतहि हा भेद आहे, इंग्रजींत नाहीं. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेंत तेलुगु व मराठी मंडळी स्वर्गीय पित्याला ‘आमचा’ म्हणते, ‘आपला’ म्हणत नाहीं.

इतर भाषांत हेंच अक्षर कोठें कोठें जातें पाहा. हिंदींत नाकांतून उच्चारलें कीं आई, तमिळांत आंब्याचें झाड, फ्रेंचांत ‘माझी’, इटालियनांत ‘परंतु’, पोर्तुगीजांत ‘वाईट’, तेंहि स्त्रीलिंगीं. चिनी भाषेंत सगळा खेळ सुराचा: उंच व सपाट सूर लावला तर आई, खालीं नेऊन वर चढविला तर घोडा, झटक्यानें खालीं पाडला तर रागें भरणें. अरबींत ‘मा’ म्हणजे ‘काय’, आणि ‘नाहीं’ असाहि अर्थ होतो. शेवटीं कंठांत किंचित् अडखळलें तर पाणी. इब्रींतहि ‘मा’ म्हणजे ‘काय’. आठव्या स्तोत्रांत मनुष्य तो काय, असा जो प्रश्न आहे, तो ह्याच शब्दानें आरंभ होतो.

आतां कोणी म्हणेल, एवढ्या भाषांत एकच शब्द, तर त्या सर्व इब्रींतून निघाल्या असाव्या. आमच्या कांहीं बंधूंना हा युक्तिवाद फार आवडतो, व तो बाजारांतील उपदेशांतहि आम्हीं ऐकला आहे. तो टाकून द्यावा. नुसत्या ध्वनीच्या साम्यावरून नातें ठरत नाहीं. तोंडांतून सहज निघणारीं अक्षरें थोडीं, आणि भाषा पुष्कळ. संस्कृत जाणणारा शेजारी अशा बोलण्याला हसतो, आणि त्याचें हसणें योग्य असतें. मग आपलें पुढचें खरें बोलणेंहि तो ऐकत नाहीं.

खरें नातें निराळ्या खुणेनें ओळखावें. संस्कृतांत साध्या नकाराला ‘न’ व मनाईला ‘मा’ असे दोन शब्द आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील ४७ व्या श्लोकांत हा मनाईचा ‘मा’ तीन वेळां येतो. ग्रीकांतहि साध्या नकाराला ‘ऊ’ व मनाईला ‘मे’. जुन्या फारशींतहि मनाईचा ‘म’ आहे. येथें ध्वनि जुळतो, आणि कामहि जुळतें. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या एकाच मूळच्या बहिणी असाव्या असें प्रतिपादिलें. हा शब्द त्या नात्याचा एक पुरावा होय.

ग्रीकांत ह्या ‘मे’चें आणखी एक काम आहे. प्रश्नाच्या आरंभीं तो घातला तर ‘नाहीं’ हें उत्तर अपेक्षित असतें. आमच्या मालवणकडील लोक “बरो आसस मां?” असें विचारतात, त्या शेवटच्या ‘मां’ला ‘होय’ हवें असतें, ग्रीक ‘मे’ नेमका उलटा. योहानाच्या चौथ्या अध्यायांत, १२ व्या वचनीं, शोमरोनी बाई याकोबाच्या विहिरीपाशीं विचारते, तूं आमच्या बापाहून मोठा आहेस काय? तेथें हा ‘मे’ आहे. म्हणजे, छे, तूं कसला मोठा! पुढें घागर तेथेंच टाकून ती गांवांत जाते आणि २९ व्या वचनीं लोकांना विचारते, हा ख्रिस्त असेल काय? तेथें त्याच शब्दाचें ‘मेति’ हें रूप आहे. शब्द अजून नकाराचाच, पण आतां त्याची धार गेली आहे. नसेलहि, परंतु असला तर? पुरुषमंडळीपुढें ती खात्रीनें बोलत नाहीं. तिच्या त्या भीतभीत विचारलेल्या प्रश्नावरून गांव उठून विहिरीकडे जातो.

मराठींत दोन्ही ठिकाणीं ‘काय’ एवढेंच उरतें. म्हणून मंडळींत हा पाठ वाचणाऱ्यानें १२ वें वचन ठासून वाचावें आणि २९ वें आवाज उतरवून.