हिराकस आधी मुरवा, मग द्या



गटात फिरताना आम्हांला खोडव्यात केवडा दिसतो. कोवळी पाने पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात नुसता हिराकस (फेरस सल्फेट) फेकला, तर लोह मातीत अडकते, मुळांना मिळत नाही.

ऊतिसंवर्धनाच्या बाटलीतही नुसत्या हिराकसाचा साका बसतो. म्हणून मुराशिगे व स्कूग यांच्या १९६२ च्या माध्यमात लिटरला २७.८ मिलिग्रॅम हिराकसाबरोबर ३७.३ मिलिग्रॅम सोडियम ईडीटीए घालतात. ते लोहाला विरघळलेले ठेवते.

रानात हेच काम कुजलेले शेणखत करते. एकरी १० किलो हिराकस दहापट शेणखतात मिसळून ५-६ दिवस सावलीत मुरवा, मगच सरीत द्या. पैसा वाया जाणार नाही.